निळ्या खड्याची अंगठी

"परवानगी दे," काढ्यानं लिहिलं.

मी लंगोटीवर उभा होतो. म्हणजे खेळात. काळ्या खाणीच्या तळाशी माझं प्रेत पडलं होतं, त्या प्रेताच्या अंगावर माझं चिलखत, तलवार, ढाल, चार महिने रक्त आटवून मिळवलेलं सगळं होतं, आणि मी पुन्हा जिवंत होऊन गावातल्या देवळासमोर उघडाबंब. खरा मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका नेटकॅफेत, दुपारी तीन वाजता घामानं निथळत बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत रियाज मुल्ला, माझा शाळेपासूनचा मित्र, वडापाव खात माझ्या पडद्यात डोकं घालून बसला होता.

"देऊ नको," रियाज म्हणाला. "प्रेत उघडून सगळं घेऊन पळाला तर काय करणारेस? पत्ता तरी माहिती हाय का त्याचा?"

"मग काय, हितंच लंगोटीवर बसू जन्मभर?"

"मी सांगालोय ते ऐक. मागल्या महिन्यात त्या साताऱ्याच्या पोराचं काय झालं?"

साताऱ्याच्या पोराचं प्रेत ओढून आणतो म्हणून एकानं परवानगी घेतली होती आणि मोजे सुद्धा ठेवले नव्हते. थॉर्नवेल या आमच्या खेळात तसंच होतं. मेलात की सामान प्रेतापाशी राहायचं, आणि ज्याला नावानिशी परवानगी द्याल त्यालाच प्रेत ओढता यायचं. ओढता यायचं तसं उघडताही यायचं. त्यामुळे परवानगी द्यायची म्हणजे घराची किल्लीच हातात द्यायची.

मी परवानगी दिली. वीस मिनिटं रियाजनं मला शिव्या घातल्या. मग विहिरीकडच्या वाटेवर काढा दिसला, हातात चंदेरी काठी, मागे माझं प्रेत. वाटेत तो दोनदा मरता मरता वाचला होता. मी सामान तपासलं. एक बाणही कमी नव्हता.

"उपकार झाले," मी लिहिलं.

दोनेक मिनिटांनी उत्तर आलं. "जेवलास का?"

दोन हजार पाच सालची ही गोष्ट. पुण्यातल्या दोघा इंजिनिअरांनी आपल्या मशीनवर चालवलेला सर्व्हर, त्यावर महाराष्ट्रभरची चारेकशे माणसं. बोलणं सगळं टाइप करून, रोमन अक्षरांत मराठी. इथे मी सरळ मराठीतच लिहितो. आज माझा मुलगा बटण दाबतो आणि पाच अनोळखी माणसं दहा सेकंदांत त्याच्या बाजूला येऊन उभी राहतात. लढतात, जिंकतात, एकमेकांना नमस्कारसुद्धा न करता निघून जातात. आम्हाला एकट्याला उंदीर मारता यायचा नाही. गावच्या विहिरीपाशी तास तास उभं राहून "हीलर पाहिजे, हीलर" म्हणून ओरडायचं. हीलर म्हणजे जखमा भरणारा. त्याच्यावाचून टोळी लुळी. तो मिळाला की त्याची मनधरणी करायची, रुसला तर समजूत काढायची, लुटीच्या वाटणीवरून तिघांची भांडणं लागली की मधे पडायचं. निम्मा वेळ माणसं सांभाळण्यात जायचा. मला ते जमायचं.

आणि दुसरं काहीच जमत नव्हतं. त्या वर्षी मला इंजिनिअरिंगला ड्रॉप लागला होता. गणिताचा तिसरा पेपर दोनदा उडाला होता. घरी वडील पानावर बसल्यावरसुद्धा माझ्याशी बोलायचे नाहीत, आमटी हवी असली तर आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, वाटी सरकव." सुकुमार चौगुले या माणसाला सांगलीत कुत्रं विचारत नव्हतं. पण थॉर्नवेलमध्ये मी भीमकाय होतो, सहा जणांच्या टोळीचा म्होरक्या. माझ्या शब्दाला तिथे वजन होतं, आणि ते कसं होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एखादा टोळीतून बाहेर पडला की पुढचा म्होरक्या त्याला घेण्याआधी जुन्या म्होरक्याला विचारायचा, "माणूस कसा आहे?" स्थळाची चौकशी करतात ना, अगदी तसं. जुना म्होरक्या जे एका ओळीत सांगेल ते शेवटचं. त्यावर अपील नव्हतं. चारशे माणसांत बातमी संध्याकाळपर्यंत फिरायची. "हाताचा स्वच्छ नाही" एवढं कुणाबद्दल बोललं गेलं की त्यानं खेळ सोडायचा किंवा जन्मभर विहिरीपाशी उभं राहायचं. आम्हाला या पद्धतीचा फार अभिमान होता.

काढा, हे त्याचं खेळातलं नाव, आमच्या टोळीचा हीलर. दुपारी दोनला यायचा, पाच वाजले की "येतो" लिहून जायचा. लढाई ऐन रंगात असली तरी पाच म्हणजे पाच. जखमा भरायला एकदम पक्का, पण वाक्य लिहायला त्याला दोन-तीन मिनिटं लागायची. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. कुठला, केवढा, काय करतो, काही नाही. मी एकदा विचारलं तेव्हा बऱ्याच वेळानं लिहिलं, "माझी दुपार मोकळी असते." बस. रियाज म्हणायचा की पोस्टातून निवृत्त झालेला म्हातारा असणार. दुसरा एक म्हणायचा, दुकानदार असेल, दुपारी गिऱ्हाईक नसतं.

माझ्या पेपरचं त्याला मी सांगितलं होतं. राक्षस परत उगवायला अर्धा अर्धा तास लागायचा, तेवढ्या वेळात तो मला इंटिग्रेशन शिकवायचा. एक ओळ, मग दोन मिनिटं गप्प, मग दुसरी ओळ. "आता तू कर." मी कॅफेच्या टेबलावर वही ठेवून करायचो. चुकलं की लिहायचा, "तिसरी ओळ परत बघ." एवढं सरळ माझ्याशी त्या वर्षी कुणी बोललं नव्हतं.

मे महिन्यात सरसेनापतीचा निरोप आला. हा पुण्याचा, थॉर्नवेलमधल्या सगळ्यात मोठ्या टोळीचा म्होरक्या. दलदलीतल्या नागावर तीस जणांची मोहीम निघणार होती. तो नाग तोवर कुणीच मारला नव्हता.

"रविवारी चारला," त्यानं लिहिलं. "तुमच्या टोळीला सहा जागा देतो. पण तुमचा हीलर नको."

"काढा? चांगला आहे तो."

"चांगला असेल. पाचला उठून जातो. हीलर मधेच उठला तर तीस प्रेतं पडतील. माझा माणूस देतो, त्याला तुमच्या यादीत घ्या."

"आमची यादी सहाचीच आहे. भरलेली आहे."

"मग एक नाव काढा ना राव. सोपं आहे."

रियाज वाचत होता. "काढ्याला काढायचं म्हणं," तो म्हणाला, पण हसला नाही. "तू काय करणार?"

"चार दिवसांचा तर प्रश्न हाय. सोमवारी परत घेऊ."

"बघ बाबा. मला काय हे बरं वाटंना."

मलाही वाटत नव्हतं. पण नाग मारणाऱ्या पहिल्या तिसांत आपलं नाव, या विचारानं माझी झोप उडाली होती. नावं काढायची तर समोर उभं राहून, विहिरीपाशी, असा आमचा रिवाज. बुधवारी दोनला काढा आला तसं मी त्याला बोलावलं आणि सगळं सांगितलं, अगदी खरं खरं.

"ठीक आहे," शेवटी आलं. मग आणखी तीन मिनिटांनी, "सोमवारी परत घेशील?"

"शंभर टक्के."

"तोवर दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ का? नुसतं उभं राहवत नाही."

"जा की. त्यात काय विचारायचं."

मी यादीतून नाव काढलं. पडद्यावर लाल अक्षरांत ओळ आली आणि त्याच्या डोक्यावरचं आमच्या टोळीचं चिन्ह गेलं. "पेपर एकोणतीसला ना?" त्यानं विचारलं. "बीटा-गॅमाची गणितं करून ठेव."

शुक्रवारी मैनाताईंचा निरोप आला. मैनाताई नाशिकच्या, म्होरक्यांमधली एकुलती एक बाई. त्यांची टोळी दुपारीच खेळायची, कुणी कुणावर ओरडायचं नाही, आणि एकदा आत गेलेला माणूस परत बाहेर पडायचा नाही अशी तिची ख्याती.

"काढा माझ्याकडे आलाय," त्यांनी लिहिलं. "दोन दिवस आमच्याबरोबर होता. मला फार आवडला. कायमचा घेऊ म्हणते. माणूस कसा आहे?"

मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. हे मी विचारातच घेतलं नव्हतं. मैनाताईंकडे गेला तर तो कशाला परत येतोय? दुपारची टोळी, शांत माणसं, त्याला हवं तसं सगळं. सोमवारी सरसेनापतीचा माणूस निघून जाणार आणि आम्ही पाच जण विहिरीपाशी "हीलर, हीलर" ओरडत बसणार. आणि माझी गणितं? ती कोण बघणार? एवढंच डोक्यात आलं. त्याला तिथे बरं वाटेल, हे डोक्यात आलं आणि त्याचाच मला राग आला.

मी लिहिलं, "तसा बरा आहे. पण हाताचा स्वच्छ नाही. माझं प्रेत आणलं तेव्हा एक अंगठी गेली."

रियाजनं खुर्ची सरकवली. "हे काय लिवलंस?"

"हळू बोल."

"कुठली अंगठी गेली तुझी?"

"सोमवारपर्यंत कुणी घेऊ नये म्हणून लिवलंय. सोमवारी सांगतो की, गैरसमज झाला, सापडली म्हणून. एवढं काय!"

"सुक्या, अरे त्यानं तुझं प्रेत आणलंय."

"माहिती हाय मला!"

मैनाताईंचं उत्तर आलं. "अरेरे. बरं झालं सांगितलंस." रियाजनं आपला पडदा बंद केला आणि उठून गेला. मोहिमेलाही तो आला नाही. त्याच्या जागी सरसेनापतीनं आणखी एक माणूस दिला.

रविवारी आम्ही नाग मारला. तीन तास लागले, शेवटी सात जण उभे राहिले, त्यातला एक मी. कॅफेतली अनोळखी पोरं माझ्या खुर्चीमागे उभी राहून ओरडत होती, मालकानं सगळ्यांना चहा पाजला. माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्याची ती पहिली वेळ. दुसरी अजून आलेली नाही.

सोमवारी दोन वाजता काढा विहिरीपाशी उभा होता. "हीलर आहे. दोन ते पाच," असं त्यानं लिहिलं होतं, आणि खाली येणारे जाणारे लिहीत होते, "अंगठ्या सांभाळा रे." "खिसे बघा." कुणी हसऱ्या चेहऱ्याची चिन्हं टाकत होतं. मी सरसेनापतीला सांगितलं की काढ्याला परत घेतोय.

"त्या चोराला?" तो म्हणाला. "तूच मैनाताईंना सांगितलंस ना? घे, पण मग पुढच्या मोहिमेला तुमची टोळी नको. लोक माझ्या तोंडावर बोलतील."

"काहीतरी गैरसमज झाला असेल."

"झाला की नाही ते आधी ठरव. अंगठी गेली की नाही गेली?"

आता "नाही गेली" म्हणायचं तर मी खोटं बोललो हे चारशे जणांना संध्याकाळपर्यंत कळणार. नाग मारून एक दिवस झाला होता. सगळी दुनिया मला नावानं ओळखत होती. मी लिहिलं, "बघतो." उद्या सांगू, म्हटलं. मग परवा. रोज दोनला तो उभा असायचा, रोज मी दुसऱ्या दरवाजानं गावाबाहेर पडायचो. जाणाऱ्या येणाऱ्यांच्या जखमा तो न विचारता भरायचा. काही जण भरून घ्यायचे आणि वर टोमणा मारून जायचे.

नवव्या दिवशी त्यानं मला खासगीत लिहिलं. मी वाट बघत होतो की आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं असतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय.

"तुझी अंगठी ओढताना खाणीत पडली असणार," त्यानं लिहिलं. "माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी. रोज शेवटचा तासभर मी शोधतोय, चार दिवस झाले. कशी होती?"

चार दिवस झाले. एकटा हीलर, अंगात लढायची ताकद नाही, त्या खाणीत. किती वेळा मेला असेल देव जाणे. मी ती ओळ परत परत वाचली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी म्हणतोय म्हणजे अंगठी गेलीच असणार, असं तो धरून चालला होता. "अंगठी नव्हतीच" एवढे दोनच शब्द लिहायचे होते. रियाज येणं बंद झाला होता, शेजारची खुर्ची रिकामी होती, बघणारं कुणी नव्हतं.

मी लिहिलं, "निळ्या खड्याची."

"बरं," त्यानं लिहिलं.

त्यानंतर सहा दिवस तो विहिरीवर दिसला नाही. सातव्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, पावणेपाचला, विहिरीपाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात काठी नव्हती. ती चंदेरी काठी मिळवायला हीलरला सहा सहा महिने लागायचे आणि तिच्याशिवाय हीलर म्हणजे नुसता पाहुणा. बाजारात तिच्या बदल्यात काहीही मिळालं असतं. निळ्या खड्याची अंगठीसुद्धा.

"सापडली," त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. "तळाशी होती. हीच का?"

पडद्यावर माझ्यापुढे अंगठी आली. घ्यायची की नाही, असा प्रश्न खाली. आजूबाजूला पंधरा-वीस जण होते, सगळे थांबले. काठी देऊन आणलेली, कधीच नसलेली अंगठी. त्याला सगळं कळलं होतं की खरोखर भरपाई म्हणून आणली होती, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही नाही. मी "घ्यावी" वर क्लिक केलं.

"हो," मी लिहिलं. "हीच."

मला खरंच वाटलं होतं की मिटलं. त्याला वस्तू सापडली, माझी मला मिळाली, दोघंही सुटलो. आणि मग खाली ओळी यायला लागल्या. "बघा! चोरलीच होती." "पंधरा दिवसांनी सापडली म्हणे." "भीमकायानं बरोबर ओळखलं होतं." सरसेनापतीनं लिहिलं, "शाबास भीमकाय. माल वसूल." तोवर निदान शंका तरी होती. आता मुद्देमालच हजर झाला होता, आणि तो ओळखणारा मी होतो.

काढा तसाच उभा होता. मी एक अक्षर लिहिलं नाही. पाच वाजले.

"येतो," त्यानं लिहिलं, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी दोनला मी विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. त्याच्या पुढच्या दिवशीही. दिवाळीच्या सुमारास सर्व्हर बंद पडला तोवर तो परत आला नाही. एकोणतीसचा पेपर मी पास झालो. बीटा-गॅमावर वीस मार्कांचा प्रश्न होता.

पुढे मी नोकरीला लागलो, लग्न झालं, चिंचवडला घर झालं. गेल्या वर्षी कुणीतरी थॉर्नवेलच्या जुन्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्रेचाळीस जण जमले. सगळे चाळिशीतले, पोट सुटलेले. रोज तेच दळण: काय दिवस होते, तेव्हा माणसं एकमेकांशी बोलायची, तेव्हा शब्दाला किंमत होती. मीही लिहायचो. खोटं नव्हतं ते. मला ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

एका रविवारी सरसेनापतीनं लिहिलं, "आणि तो अंगठीचोर आठवतो का रे?" खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, एकापाठोपाठ एक. त्याची काठी, त्याची बुद्धिबळातल्या प्याद्यासारखी एकाच जागी उभं राहायची पद्धत, काहीच कुणाला आठवत नव्हतं. चोर तेवढा आठवत होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. परत येऊन लिहिलं, "काढा चोर नव्हता. माझी अंगठी कधी हरवलीच नव्हती. त्यानं दुसऱ्या टोळीत जाऊ नये म्हणून मी खोटं बोललो होतो. ती अंगठी त्यानं स्वतःची काठी देऊन आणली होती."

उत्तरं आली, "अरे बापरे, भारी डाव टाकलास की." "जाऊ दे रे भावा, गेम होता." "वीस वर्षं झाली, अजून मनाला लावून बसलाय." एक अंगठा, दोन अंगठे. कुणीतरी विषय बदलून गटगचं, म्हणजे सगळ्यांनी जमायचं, ठिकाण विचारलं.

रियाजचा निरोप वेगळा आला, एकट्याला. "आत्ता लिवलंस?" एवढाच.

मैनाताई ग्रुपवर क्वचित बोलायच्या. त्यांनी संध्याकाळी लिहिलं, "त्यानं दोन दिवसांत माझ्या चौघांना गणित शिकवायला घेतलं होतं. मला आतून वाटत होतं की हा तसा नाही. पण तू त्याचा म्होरक्या होतास. मी तुझा शब्द मानला."

मी विचारलं, "त्याचं खरं नाव कुणाला माहीत आहे का? गाव? काहीही?"

बेचाळीस जणांनी वाचल्याच्या निळ्या खुणा रात्रीपर्यंत आल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही.